जागा बघायची तर मे महिन्यात

"आपण गावाकडं जाऊन राहिलो तर?" हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा आलं ते एका रविवारी सकाळी, पोह्यांच्या बशा हातात असताना. मी हसून सोडून दिलं. पेपरच्या पुरवणीत काहीतरी वाचलं असेल, दुपारच्या झोपेनंतर विसरतील, असं वाटलं. पण दुपारी चहाच्या वेळी यांनी कागद-पेन्सिल काढली आणि मग मात्र माझा चहा गार झाला.

कारण तसं खरं होतं. यांच्या कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली होती. वय त्रेचाळीस. हातात एकरकमी बत्तीस लाख येणार होते आणि पुढं दुसरी नोकरी मिळेलच याची खात्री नव्हती. चिंचवडची दोन खोल्यांची जागा आमची स्वतःची, तिचं कर्ज फिटलेलं. माझी शाळेतली नोकरी अर्ध्या वेळची, मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. आणि यांच्या मनात लहानपणापासून शेत. सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात यांची वडिलोपार्जित अकरा गुंठे जमीन आहे, चार भावंडांत मिळून. म्हणजे यांच्या वाट्याला पावणेतीन गुंठे. तेवढ्यात एक चांगला गोठासुद्धा बसायचा नाही. पण तेवढ्यामुळं हे कायद्यानं 'शेतकरी' ठरतात, आणि महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. कूळकायद्याचं ते कलम मला तोवर माहीत नव्हतं. पावणेतीन गुंठ्यांचा एवढा मान मी प्रथमच पाहिला.

तालुका कोणता, हा प्रश्न फारसा पडला नाही. थोरल्या वन्सं ओतूरजवळच्या एका वाडीत दिलेल्या. पुण्याहून नाशिक रस्त्यानं नारायणगाव पंच्याहत्तर किलोमीटर, तिथून पुढं आळेफाट्याला वळून ओतूर. चाकणच्या गर्दीत अडकलं नाही तर अडीच-तीन तासांत माणूस पोचतो. अडकलं तर देवाला ठाऊक. जुन्नर तालुका म्हणजे शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझर असे दोन अष्टविनायक, माळशेज घाट, नाणेघाट. २०१८ साली सरकारनं त्याला पर्यटन तालुका म्हणून जाहीरही केलं. पण मला तिथं दर्शनाला जायचं नव्हतं, राहायचं होतं. या दोन गोष्टींत किती अंतर असतं ते मला वर्षभरानं कळलं.

पहिली खेप श्रावणातली. सोमवार होता, ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या देवळात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचलेल्या होत्या. एवढे उंच तांदूळ न ढासळता उभे कसे राहतात कोण जाणे! मांडवी नदी भरून वाहत होती. डोंगर हिरवेगार, वन्संच्या परड्यात दोडके लटकलेले, सगळं कसं चित्रातल्यासारखं. परतताना मी कढीलिंबाचं रोप आणि मनात पुरतं घर बांधून घेऊन आले. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, मागं न्हाणीघर, न्हाणीच्या पाण्यावर केळी.

सासूबाई आमच्याकडंच असतात. खेड्यात जन्म काढलेली बाई. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सुपारी कातरत म्हणाल्या, "श्रावणात रान कुणाचंबी चांगलंच दिसतं. आता मे महिन्यात जा. विहिरीत वाकून बघ आन मग सांग."

मैत्रिणींनो, कुणी अशी जागा बघणार असाल तर सासूबाईंचं हे बोलणं लक्षात ठेवा. आम्ही मे महिन्यात गेलो, आणि एकाच तालुक्यात तीन वेगवेगळे मुलूख असतात हे तेव्हा दिसलं.

पश्चिमेला सह्याद्रीचा माथा. तिथं पावसाळ्यात धो धो पाऊस, भाताची खाचरं, हिरड्याची झाडं, महादेव कोळ्यांच्या वाड्या. श्रावणात ज्या उतारावर मी घर बांधलं होतं तो उतार मे महिन्यात उघडाबोडका पडला होता आणि बायका दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढत होत्या. इतका पाऊस पडून पाणी नाही कसं, असं मी एकीला विचारलं. ती म्हणाली, "पडतं आमच्याकडं, जातं खाली." शिवाय तिकडची बरीचशी जमीन आदिवासींची. ती सरकारच्या परवानगीशिवाय इतरांना घेता येत नाही, आणि येऊही नये. एका दलालानं 'नावाला त्यांचं राहू द्या, वापर तुमचा' असं सुचवून पाहिलं. यांनी त्याला तिथंच हात जोडले.

पूर्वेला आण्याचं पठार. पठारावर जमीन स्वस्त. आणे गावात रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. भाकरी घराघरांतून भाजून येतात, आमटी देवळापाशी मोठमोठ्या कढयांत शिजते, आणि हजारो माणसं पंगतीला बसतात. वन्संच्या ओळखीच्या एका घरी आम्हाला अगदी तशीच झणझणीत आमटी जेवायला मिळाली, आग्रह करकरून. पण जेवल्यावर हात धुवायला मिळालं ते तांब्यातलं अर्धं पाणी. घरातल्या बाईनं ते इतक्या सहज दिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्या पठारावर पाण्यासाठी वर्षानुवर्षं मागण्या चालू आहेत, उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. माणसं सोन्यासारखी, पण माझ्यात तेवढी ताकद नाही, हे मी मनातल्या मनात कबूल केलं.

राहता राहिला मधला पट्टा. ओतूर, नारायणगाव, येडगाव, पिंपळवंडीची बाजू. तिथं मे महिन्यातही ऊस हिरवा, टोमॅटो बांबूवर चढलेला, कांदा बराखीत भरलेला. तालुक्यात माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, चिल्हेवाडी अशी धरणंच धरणं. आम्हाला वाटलं, एवढी धरणं म्हणजे पाण्याला तोटा नाही. वन्संच्या यजमानांनी समजावलं तेव्हा उलगडा झाला. धरण तालुक्यात असलं तरी पाणी तालुक्याचंच असतं असं नाही. कुकडी प्रकल्पाचं पाणी येडगावहून कालव्यानं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. कालव्याला आवर्तन सुटतं तेव्हा सुटतं, त्याच्या तारखांवरून दर उन्हाळ्यात वाद होतात. धरणाच्या फुगवट्याला लागून शेत असलं, उपसा परवाना असला, तर चैन. नाहीतर आपली विहीर बरी. आणि विहीर आपली म्हणजे किती आपली, ते सातबाऱ्यावर बघायचं. कुठं एक-अष्टमांश हिस्सा, म्हणजे आठ दिवसांतून एकदा पाण्याची पाळी. आपल्या पाळीच्या दिवशी वीज नसली तर आठवडा कोरडा.

मी एक वही केली होती. शाळेतली सवय. हे जमीन बघायचे, मातीचं ढेकूळ हातात चुरगाळून बघायचे, आणि मी घरातल्या बायकांशी बोलून वहीत लिहायची. पुरुषांना विचारलं तर 'पाणी भरपूर आहे' एवढंच कळतं. बाईला विचारलं की पिण्याचं पाणी कुठून, वापरायचं कुठून, मोटर बिघडली तर कुठून, पावसाळ्यात गढूळ येतं का, सगळं कळतं. गॅसचं सिलिंडर दारात येतं की फाट्यावरून आणावं लागतं? पावसात रस्त्यावरून रिक्षा येते का? बाळंतपणाला कुठं नेतात? अंगणवाडी भरते का? एका घरी मी विचारलं, "रात्री-अपरात्री मुलांना बाहेर जायचं झालं तर?" ती बाई म्हणाली, "अंधार पडला की पोरं घरात. बिबट्या असतो ना ताई." हे तिनं मांजर असतं म्हणावं तसं सांगितलं.

बिबट्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुण्यात ज्याला-त्याला आम्ही जुन्नर म्हटलं की तोच प्रश्न. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला, शिरोलीजवळ साखर कारखाना झाला. उसाचा फड म्हणजे बारा-चौदा महिने कुणी न हलवणारं रान, जवळ पाणी, आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या. माद्या उसातच वितात. ऊसतोडीच्या वेळी बछडी सापडतात, मग वनखात्याची माणसं ती बछडी खोक्यात घालून त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन एकेक उचलून नेते. २००१ च्या सुमाराला या भागात माणसांवरचे हल्ले फार वाढले होते. तेव्हा पुष्कळ बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलात नेऊन सोडले. विद्या अत्रेया या अभ्यासक बाईंनी त्यावर संशोधन केलं. असे धरून परक्या ठिकाणी सोडलेले बिबटे जिथं गेले तिथं हल्ले वाढले, असं त्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात तर त्यांनी कॅमेरे लावून दाखवलं की बिबटे जंगलात नव्हे, माणसांच्या शेतांमध्येच राहतात. माणिकडोहला धरलेल्या बिबट्यांसाठी वनखात्याचं निवारा केंद्र आहे. मी हे सगळं वाचलं, यांना वाचून दाखवलं, आणि तरीही रात्री झोप आली नाही ते वेगळंच. वाचून भीती जाते ती दिवसा.

आता जागेकडं वळते. ओतूरपासून चार किलोमीटरवर तीस गुंठे बागायत. गुंठ्याला सव्वा लाख सांगत होते, म्हणजे साडेसदतीस लाख. आमच्याकडं बत्तीस. उरलेल्यासाठी माझ्या पाटल्या आणि थोडं कर्ज, असा यांचा हिशोब तयार होता. विहिरीत चौथा हिस्सा, माती काळी, बांधावर भलंमोठं चिंचेचं झाड. तुकडेबंदीचा कायदाही आड येत नव्हता. २०२३ साली पुणे जिल्ह्यासाठी कमीत कमी क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असं ठरलं आहे. यांचा चेहरा असा काही उजळला होता की लग्नातल्या फोटोतही तसा नाही.

मी एकच अट घातली होती. सातबाऱ्यावर माझंही नाव लागलं पाहिजे. हे काही माझ्या डोक्यातलं नाही. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतर्फे 'लक्ष्मीमुक्ती'ची चळवळ केली होती, बायकोच्या नावावर थोडीतरी जमीन करून द्या म्हणून. सासूबाई वाटेला आल्या असत्या असं मला वाटत होतं, पण त्याच म्हणाल्या, "लाव की. माझं कुठं लागलंय? चाळीस वर्षं भांगलण केली, नाव कुणाचं तर ह्यांच्या चुलत्याचं." यांनी हो म्हटलं. जरा उशिरानं, पण म्हटलं.

सातबारा आता फोनवरही बघता येतो. मी रात्री जेवणं झाल्यावर तो काढून बसले. बोजा नव्हता. भोगवटादार वर्ग एक, म्हणजे विकायला मोकळी. नावं मात्र तीन होती. आमच्याशी बोलणारे दोघे भाऊ, आणि तिसरं नाव बाईचं.

दुसऱ्या दिवशी विसार द्यायला गेलो तेव्हा मी विचारलं. थोरला भाऊ म्हणाला, "ती आमची बहीण. वडील गेल्यावर वारस म्हणून नाव लागलंय, नावापुरतं. खरेदीच्या आधी हक्कसोड करून घेऊ. ती काही नाही म्हणायची नाही."

का कुणास ठाऊक, मी म्हटलं, "त्यांना एकदा भेटू का?"

ती बेल्ह्याच्या बाजूला दिलेली. माझ्याच वयाची असेल. पत्र्याचं घर, दारात दोन शेळ्या. वन्संच्या ओळखीनं गेलो, तिनं चहा केला. आम्ही जमीन घेणार हे तिला ठाऊक नव्हतं. ऐकून ती जराशी थांबली आणि म्हणाली, "चिंच आहे का हो अजून बांधावर? आम्ही तिच्याखाली डाळ कांडायचो." मग स्वतःच म्हणाली, "सही करीन मी. दादा साडी घेऊन येईल. पण कुणी विचारलं तरी असतं आधी, तर बरं वाटलं असतं. नाही म्हटलं तर माहेर तुटतं, ताई. मला पोरीच्या कॉलेजला पैसे हवेत, पण ते मी दादाला कुठल्या तोंडानं सांगू?"

मी काही बोलले नाही. बोलायला तोंडच नव्हतं. कायदा मला चांगला ठाऊक आहे. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि साऱ्या देशात २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. नागरिकशास्त्राच्या तासाला मी मुलींना हे फळ्यावर लिहून देते. आणि २०१६ साली, माझे वडील गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, निबंधकांच्या कचेरीतल्या बाकावर बसून मीच हक्कसोडपत्रावर सही केली होती. वाचलं नव्हतं. बी. ए. झालेली बाई, मुलांना 'सही करण्यापूर्वी वाचा' असं सांगणारी! भाऊ वाईट नाही, त्यानं कधी वाकडा शब्द बोललेला नाही. सगळ्याच बहिणी करतात, असं आई म्हणाली होती. त्या दिवशी मिळालेली नारायणपेठ साडी कपाटात आहे, मी ती दोनदाच नेसले.

परतताना गाडीत मी यांना म्हटलं, तिच्या हिश्श्याचे पैसे तिच्या नावाच्या चेकनं जाणार असतील तरच घेऊ या. साडेसदतीस लाखांचा तिसरा भाग साडेबारा लाख. हे बराच वेळ गप्प राहिले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच ते त्या भावांना सांगितलं. थोरला भाऊ माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, घरातल्या गोष्टीत तुम्ही पडू नका." व्यवहार तिथंच मोडला.

त्यानंतर आमच्या घरात जो आठवडा गेला तो मी इथं लिहिते, कारण अशा लेखांतून नवरे नेहमी समजूतदारच असतात. हे माझ्याशी धड बोलत नव्हते. "तुझी समाजसेवा आपल्याला महागात पडली," असं एकदाच म्हणाले, पण ते पुरेसं होतं. ती अशी खंत मलाही होती. आमच्या आवाक्यातली तेवढी एकच चांगली जागा होती. आणि मला काय मिळालं? तीन महिन्यांनी ती जमीन मुंबईच्या कुणीतरी घेतली. वन्संनी सांगितलं, बहिणीनं सही केली. चिंचेचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

मार्ग काढला तो वन्संनीच. "विकत कशाला घेता एवढ्या घाईनं? आमचे पंधरा गुंठे वर्षभर खंडानं करून बघा. शेजारच्या दोन खोल्या मोकळ्या आहेत. जमलं तर घ्या, नाही जमलं तर आपलं घर आहेच चिंचवडला." इतका साधा विचार आम्हा दोघांनाही सुचला नव्हता. पैसे हातात आले की माणसाला घ्यायचंच सुचतं.

२०२५ च्या जूनमध्ये आम्ही आलो. चिंचवडची जागा भाड्यानं दिली. आता आठ महिने होत आले आहेत.

पहिला महिना मी फक्त रडत होते, तेही चुलीच्या धुराचं निमित्त करून. वन्संनी आल्या दिवशी खाटा लावून घेतल्या आणि बजावलं की मुलांना जमिनीवर झोपवायचं नाही. मण्यार रात्री अंथरुणात येते, चावल्याचं कळतसुद्धा नाही. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायची, ती डासांइतकीच सापासाठी. सरपण दारापासून लांब रचायचं, काढताना आधी काठीनं हलवायचं. साप चावलाच तर मंत्र-तंत्र, चिरा देणं, आवळून बांधणं काही न करता सरळ दवाखाना. नारायणगावला सर्पदंशावर वर्षानुवर्षं काम करणारं राऊत डॉक्टर दांपत्य आहे, हा या भागाचा मोठाच आधार. दवाखाना किती लांब, हा प्रश्न मी वहीत सहावा लिहिला होता. तो पहिला हवा होता.

मुलगा दोन दिवसांत रमला. मुलीनं महिनाभर माझ्याशी अबोला धरला. तिच्या मैत्रिणी, तिचा गायनाचा क्लास, सगळं मागं राहिलं. क्लास इथं नाही आणि त्यावर माझ्याकडं उत्तरही नाही. मला इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठीचे तास मिळाले. पैसे चिंचवडपेक्षा कमी, वर्ग मोठा. पण मुलं ऊसतोडीच्या दिवसांत अचानक वाढतात आणि अचानक नाहीशी होतात, त्यांच्यापुढं व्याकरण शिकवताना आपलंच शिकणं होतं. यांचा सूर मात्र थोडा मोडला. वाटलं होतं जोडीला कुठंतरी फिटरचं काम मिळेल. पण खोडदला ती आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी जगप्रसिद्ध दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची, तिला यंत्रांच्या लहरींचा त्रास चालत नाही. मोठी कारखानदारी आसपास नाहीच. हे आता मोटारी दुरुस्त करतात. लोक पैसे देतात, काही वेळा कांदे देतात.

दहा गुंठ्यांत टोमॅटो लावला. दीड हजार रोपं, बांबू, तार, सुतळी, औषधं. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, ही गोष्ट इथं प्रत्येक घरात सांगतात. त्यानंतर दीड-दोन महिन्यांत भाव मातीमोल झाला ते कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. आमच्या पहिल्या तोड्याला क्रेटमागं ३१० मिळाले, चौथ्याला १४०. मग पाऊस लागला आणि करप्यानं पानं काळी पडली. खंड, औषधं, मजुरी, गाडीभाडं वजा जाता हातात अकरा हजार चारशे राहिले. आमची स्वतःची मजुरी धरलेली नाही. माझी तर हेही धरायला विसरले होते, वहीत मी ती नंतर वेगळ्या शाईनं लिहिली.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडच्या बाजूला, बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. त्यांत लहान मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून खुरपायला जातात असे फोटो पेपरात आले. चिंचवडहून सासूबाईंचा, माझ्या आईचा, भावाचा, सगळ्यांचे फोन: परत या. भाऊ म्हणाला, "तुला काही कमी आहे का? इकडं ये, आपल्याकडं रहा." मी म्हटलं, "आपल्याकडं म्हणजे कुणाकडं रे?" तो गप्प झाला. मीही झाले. पण त्यानंतर तो दर रविवारी फोन करतो, आणि परवा त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं की वडिलांची विहिरीजवळची दहा गुंठे पडूनच आहेत, तुम्ही दोघं कधी बघून जाता का. मी अजून उत्तर दिलेलं नाही. मे महिन्यात येते म्हणाले.

शेतीला वीज येते ती काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सौर विजेमुळं काही गावांना दिवसा मिळू लागली आहे, आमच्या वाडीला अजून पाळी आहे. या आठवड्यात आमची रात्रीची. काल पाण्याची पाळी पहाटे दोनला होती. हे एकटे निघाले तर मी जाऊ देत नाही, म्हणून मुलांना वन्संकडं झोपवून दोघं जातो. यांच्या हातात बॅटरी आणि काठी, माझ्या हातात मोबाईल. त्यावर मोठ्यानं गाणी लावायची, म्हणजे बिबट्याला आपण येतोय हे कळतं आणि तो बाजूला होतो. काल फोनवर नेमका मुलीनं भरून ठेवलेला तिच्याच आवाजातला रियाज लागला. कांद्याच्या वाफ्यात पाणी सोडलं, बारं फोडत हे पुढं गेले, आणि मी बांधावर उभी राहून बॅटरीचा झोत उसाच्या कडेकडेनं फिरवत राहिले. शेवटचा वाफा भरेस्तोवर सव्वाचार झाले. घरी आल्यावर मी आधी खाटेखाली वाकून बघितलं, मग चहा ठेवला.